व्हॉयेजर-२ ची नेपच्यूनभेट, तारीखवार

आधी एक खुलासा. पुढे दिलेल्या सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत आणि घटना नासाच्या व्हॉयेजर-२ यानापाशी घडली तेव्हाच्या आहेत. ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनपासून निघालेला रेडिओसंदेश पृथ्वीवर यायला ४ तास ६ मिनिटं लागत होती. काही बिघडलं तर ते कळायला चार तास आणि दुरुस्तीची आज्ञा परत पोहोचायला आणखी चार. नेपच्यून गाठून ट्रायटनही ओलांडायला यानाला याहून कमी वेळ लागला. त्यामुळे ऐन वेळी कोणी काही करण्याचा प्रश्नच नव्हता. कोणत्या सेकंदाला कुठे वळायचं, कोणता फिल्टर लावायचा, चित्र थेट पाठवायचं की टेपवर ठेवायचं, हे सगळं आधीच लिहून यानाच्या स्मृतीत भरलेलं होतं.

पोहोचण्यापूर्वीची दुखणी

यान २० ऑगस्ट १९७७ ला उडालं. जुलै १९७९ मध्ये गुरू, ऑगस्ट १९८१ मध्ये शनी आणि २४ जानेवारी १९८६ ला युरेनस झाला. मूळ बांधणी गुरू आणि शनी या दोनच ग्रहांच्या हिशेबाने केलेली होती. नेपच्यूनपाशी पोहोचेपर्यंत यान बारा वर्षांचं झालं होतं.

सर्वांत जुनं दुखणं रिसीव्हरचं. एप्रिल १९७८ मध्ये मुख्य रिसीव्हर कायमचा गेला. राखीव रिसीव्हर सुरू झाला, पण येणाऱ्या संदेशाच्या कंपनसंख्येमागे आपोआप सरकण्याची त्याची सोय एका निकामी कपॅसिटरमुळे बंद पडलेली होती. तेव्हापासून त्याला जेमतेम ९६ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातलंच ऐकू येतं, आणि तो पट्टाही जागचा हलतो. रिसीव्हरचं तापमान पाव अंश सेल्सिअसने बदललं तरी पट्टा पूर्ण सरकतो. म्हणून पृथ्वीवरून आज्ञा पाठवताना डॉप्लर परिणाम (वेगामुळे कंपनसंख्येत पडणारा फरक) आणि रिसीव्हरचं त्या वेळचं अंदाजी तापमान, दोन्ही धरून कंपनसंख्या सतत बदलत न्यावी लागते. यानावर एखादा हीटर किंवा उपकरण चालू-बंद झालं की तापमान स्थिरावेपर्यंत आज्ञा पाठवण्यात अर्थ नसतो. हा दुसरा रिसीव्हरही गेला तर निदान थोडंफार काम व्हावं म्हणून एक तुटपुंजा कार्यक्रम यानात कायम भरून ठेवलेला असे.

दुसरं दुखणं कॅमेऱ्यांच्या फिरत्या मंचाचं. शनीला ओलांडल्यावर थोड्याच वेळात हा मंच आडव्या दिशेने अडकला. जलद गतीने खूप फिरवल्यामुळे दंतचक्राच्या धारव्यातून (बेअरिंगमधून) वंगण निघून गेलं होतं. पुढे तो मोकळा झाला, पण त्यानंतर त्याला सावकाशच फिरवायचं असं ठरलं. म्हणजे एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाण्यात मोलाची मिनिटं खर्च होणार.

तिसरी अडचण अंतराची. नेपच्यून सूर्यापासून पृथ्वीच्या तीसपट लांब आहे, तेव्हा तिथे ऊन पृथ्वीच्या सुमारे नऊशेव्या भागाइतकंच. एक्स्पोजर लांबवावं लागतं आणि तेवढ्या वेळात यान पुढे सरकल्याने चित्र फिसकटतं. उपाय असा की एक्स्पोजर चालू असताना अख्खं यानच लक्ष्याच्या दिशेने हळूहळू वळवायचं. पण वळलं की अँटेना पृथ्वीवरून सुटते आणि चित्र टेपवरच ठेवावं लागतं, आणि टेपवर सगळं मिळून शंभराच्या आसपास पूर्ण चित्रं मावतात. नेपच्यूनसाठी नवी युक्ती निघाली: यानाने किंचित मान तुकवायची, चित्र घ्यायचं आणि अँटेनाचा झोत पृथ्वीवरून सुटायच्या आत परत सरळ व्हायचं. यासाठी यान वळवणाऱ्या थ्रस्टरचे झटके आधीच्या निम्म्याहून लहान, काही मिलिसेकंदांवर आणले गेले. आमच्या मते या भेटीतली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच, आणि ती घडली यान उडाल्यानंतर अनेक वर्षांनी, फक्त सॉफ्टवेअर बदलून.

शेवटी माहिती घरी पोहोचवण्याचा प्रश्न. एक चित्र ८०० × ८०० पिक्सेलचं, दर पिक्सेलला ८ बिट, म्हणजे ५१ लाख २० हजार बिट. नेपच्यूनहून कमाल वेग सेकंदाला २१,६०० बिट, म्हणजे चित्रामागे जवळपास चार मिनिटं. म्हणून यानावरच्या राखीव संगणकाला चित्रं आवळायच्या कामाला लावलं. पिक्सेलची पूर्ण किंमत न पाठवता शेजारच्या पिक्सेलपासूनचा फरक पाठवायचा. बिट निम्म्याहून कमी होतात. इकडे पृथ्वीवर गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या ६४ मीटरच्या अँटेना ७० मीटरच्या केल्या गेल्या. कॅनबेराच्या जोडीला सुमारे ३०० किमीवरची पार्क्सची दुर्बीण आणि गोल्डस्टोनच्या जोडीला न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बीण-समूहाच्या २७ अँटेना जोडल्या.

५ जून १९८९

निरीक्षणाचा पहिला टप्पा सुरू. अंतर सुमारे पावणेबारा कोटी किमी. अरुंद कोनाच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत ग्रह जेमतेम ४५ पिक्सेल रुंद. ठरावीक अंतराने तीच तीच चित्रं घ्यायची, ढगांच्या हालचाली मोजायच्या. कंटाळवाणं काम, पण याच्याच जोरावर पुढे नेम धरायचा आहे. दक्षिण गोलार्धात, साधारण २२ अंश अक्षांशावर, लांबीला पृथ्वीच्या व्यासाएवढा एक गडद डाग दिसतो आहे.

जूनचा मध्य

ग्रह चित्रात मुद्दाम जळून पांढरा पडेल इतकं लांब एक्स्पोजर घेतलेल्या चित्रांत एक नवा उपग्रह सापडला. पुढे त्याचं नाव प्रोटियस ठेवलं गेलं. व्यास सुमारे ४२० किमी, म्हणजे १९४९ पासून माहीत असलेल्या नेरीडपेक्षाही मोठा. तो पृथ्वीवरून दिसला नव्हता याचं कारण त्याचा काळा पृष्ठभाग आणि नेपच्यूनच्या झगमगाटाशी असलेली जवळीक. हा शोध दोन महिने आधी लागला हे फार उपयोगी पडलं, कारण जवळच्या भेटीच्या वेळापत्रकात त्याच्यासाठी जागा काढता आली. उशिरा सापडणाऱ्यांच्या वाट्याला एखाददोन ठिपक्यांपलीकडे काही येत नाही.

जुलैअखेर

आणखी तीन उपग्रह सापडले: लॅरिसा, गॅलेटिया, डेस्पिना. यातली लॅरिसा १९८१ मध्ये एका ताऱ्याच्या पिधानात (तारा तिच्याआड क्षणभर झाकला गेला तेव्हा) ओझरती सापडली होती, पण तेव्हा तिची कक्षा ठरवता आली नव्हती. तिच्यासाठीही वेळापत्रकात थोडी जागा झाली.

६ ऑगस्ट

दूरच्या भेटीचा टप्पा. ग्रह आता २०० पिक्सेलच्या वर. मोठा गडद डाग १८.३ तासांत प्रदक्षिणा घालतो. ४२ अंश दक्षिणेला एक पांढरा ढग जेमतेम १६ तासांत फेरी मारून त्याला मागे टाकत राहतो. त्याचं टोपणनाव स्कूटर. ५५ अंश दक्षिणेला दुसरा, लहान गडद डाग आहे.

गंमत अशी की ग्रह स्वतः किती वेळात फिरतो हे अजून कोणालाच ठाऊक नाही. ढग पाहून ते ठरत नाही, कारण ढग वाऱ्यावर स्वार असतात. खरा आकडा ग्रहाच्या पोटाशी जखडलेल्या चुंबकीय क्षेत्रातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या आवर्तनावरून मिळाला: १६.११ तास. तो हाती आल्यावर वाऱ्यांचा हिशेब लागला. मोठ्या डागाच्या आसपास ढग ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने वाहतात आणि काही ठिकाणी वाऱ्याचा वेग ताशी २,००० किमीच्या घरात जातो. सूर्याकडून इतकी कमी उष्णता मिळणाऱ्या ग्रहावर हे अपेक्षित नव्हतं. नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या अडीचपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो, हेही इथे लक्षात घ्यावं लागतं.

११ ऑगस्ट

कड्यांचं कोडं सुटायला लागलं. १९८४ पासून ताऱ्यांच्या पिधानांमध्ये विचित्र प्रकार दिसत होता: तारा ग्रहाच्या एका बाजूला क्षणभर मंद होई, दुसऱ्या बाजूला नाही. त्यावरून नेपच्यूनभोवती पूर्ण कडी नसून फक्त तुकडे असावेत असा तर्क होता. यानाच्या चित्रांत ते तुकडे दिसले. पुढच्या चित्रांत कळलं की कडं पूर्णच आहे, फक्त काही भागांत साहित्य दाटलेलं आहे. केंद्रापासून सुमारे ६३,००० किमीवरच्या या बाहेरच्या कड्याला ॲडम्सचं नाव मिळालं आणि दाट कमानींना लिबर्ते, एगालिते, फ्रातेर्निते आणि करेज अशी. ५३,००० किमीवर ल व्हेरिएचं कडं आणि ४२,००० किमीच्या आसपास गालचं रुंद, फिकट कडं. कमानी पसरून एकसारख्या का होत नाहीत, याचं उत्तर नंतर गॅलेटियाच्या गुरुत्वाकर्षणात शोधलं गेलं.

शेवटचा आठवडा

मार्गाची अखेरची दुरुस्ती. इथे नेम एकाच वेळी दोन ठिकाणी लागायला हवा. नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवाजवळून ढगांच्या इतकं लगटून जायचं की गुरुत्वाकर्षणाने वाट दक्षिणेकडे वळेल आणि पाच तासांनी ट्रायटन गाठता येईल, तोही असा की पृथ्वीवरून पाहता यान नेपच्यून आणि ट्रायटन दोघांच्याही मागे लपेल. पहिल्या ठिकाणची लहानशी चूक दुसऱ्या ठिकाणी कित्येक पटींनी मोठी होते. यानाची नेमकी जागा केवळ रेडिओवरून पुरेशी कळत नाही; म्हणून मागच्या ताऱ्यांसकट उपग्रहांची चित्रं घेऊन त्यांवरून मार्ग ठरवला.

मार्ग सुधारल्यावर वेळापत्रक सुधारायचं. आज्ञांचे गट सेकंदांनी पुढेमागे सरकवता येतील असेच लिहिलेले होते. नवे आकडे मात्र उपकरणांची धावपळ सुरू होण्याआधीच पाठवणं भाग होतं, कारण एकदा ती सुरू झाली की रिसीव्हरचं तापमान डळमळतं आणि तो नक्की कोणत्या कंपनसंख्येवर ऐकतो आहे याचा भरवसा राहत नाही.

२४ ऑगस्ट

जवळच्या भेटीचा टप्पा सुरू. १४:३८ ला, ग्रहापासून सुमारे ३५ नेपच्यून-त्रिज्यांवर, सौरवाऱ्याचा प्रघात (सूर्याकडून येणारा कणांचा झोत ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राला थडकतो ती सीमा) ओलांडला आणि यान चुंबकावरणात, म्हणजे ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रदेशात, शिरू लागलं. ध्रुवाजवळच्या बाजूने असा प्रवेश या यानाने आधीच्या कोणत्याही ग्रहावर केला नव्हता. चुंबकीय क्षेत्राचा अक्ष फिरण्याच्या अक्षापासून ४७ अंश कललेला निघाला आणि त्याचं केंद्र ग्रहाच्या केंद्रापासून अर्ध्याहून अधिक त्रिज्या सरकलेलं. युरेनसवर असंच काहीसं दिसलं होतं तेव्हा तो ग्रह आडवा पडला आहे म्हणून तसं, असं म्हणून वेळ मारून नेता येत होती. नेपच्यून तर आडवा नाही. तेव्हा दोन्हींच्या अंतरंगातच कारण शोधणं आलं.

याच दिवशी प्रकाशमापकाने सिग्मा सॅजिटेरी हा तारा कड्यांमागून जाताना पाहिला. कॅमेऱ्याला किलोमीटर-दोन किलोमीटरचे बारकावे जिथे सापडत नाहीत, तिथे ताऱ्याच्या लुकलुकण्यातून कड्याची रचना कळते. नेरीडची चित्रं घेतली गेली, पण सुमारे ४७ लाख किमीवरून. त्यावरून आकाराचा अंदाज येतो, पृष्ठभागाचा नाही.

२५ ऑगस्ट

सुमारे ०१:५५. अंतर १,५७,००० किमी. २९ अंश उत्तरेला, दिवस-रात्रीच्या सीमेजवळ पांढऱ्या ढगांचे लांब पट्टे आणि खालच्या निळ्या थरावर पडलेल्या त्यांच्या सावल्या. सावलीची रुंदी आणि सूर्याचा कोन धरला की ढग खालच्या थरापासून साधारण ५० किमी उंच आहेत असं निघतं. या भेटीतलं एकच चित्र नीट पाहायचं असेल तर हे पाहा.

तासाभराने, ०२:५५ च्या सुमारास, कड्यांची पातळी ओलांडली. मार्ग दिसणाऱ्या कड्यांच्या बाहेरून आखलेला होता, पण धूळ तिथेही होती. ती मोजण्यासाठी खास उपकरण नव्हतं. काम झालं प्लाझ्मा-लहरींच्या उपकरणावर: धुळीचा कण यानावर आदळून बाष्प झाला की विद्युतभारित वायूचा इवलासा ढग उठतो आणि १० मीटर लांबीच्या अँटेनांमध्ये ठोका नोंदला जातो. पातळीजवळ ठोक्यांची झड लागली आणि ओसरली. यानाला काही झालं नाही.

०३:५६. सर्वांत जवळचा क्षण. ढगांच्या माथ्यापासून सुमारे ४,९५० किमी, वेग सेकंदाला २७ किमीच्या आसपास. बारा वर्षांच्या प्रवासात यान कोणत्याही ग्रहाच्या इतकं जवळ गेलं नव्हतं. पृथ्वीवर ही बातमी ०८:०२ ला आली, तोवर ट्रायटन तासाभरावर आला होता.

पुढच्या काही मिनिटांत यान पृथ्वीच्या दृष्टीने नेपच्यूनमागे मावळलं आणि जवळपास पाऊण तास तिथेच होतं. रेडिओ प्रयोगाची हीच वेळ. यानाचा संदेश वातावरणातून जाताना वाकतो, त्याची कंपनसंख्या आणि तीव्रता बदलते, आणि त्यातून वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि दाब निघतो. पण वाकलेला किरण पृथ्वीवर पोहोचवायचा तर अँटेना पृथ्वीकडे नव्हे, ग्रहाच्या कडेवरच्या योग्य बिंदूकडे धरावी लागते, आणि तो बिंदू दर क्षणी सरकतो. यानाने हे आंधळेपणाने, आधी दिलेल्या आकड्यांवर केलं. ऐकायला कॅनबेरा आणि पार्क्सबरोबर जपानमधली उसुदाची ६४ मीटरची अँटेना होती. पृथ्वीवरून यानाकडे जाणारा संदेश इथे लागत नाही. यानावरचा अतिस्थिर दोलक कंपनसंख्या धरून ठेवतो, त्यामुळे बिघडलेल्या रिसीव्हरचा अडसर आला नाही.

मग कड्यांची पातळी पुन्हा एकदा, या वेळी खालच्या दिशेने. पुन्हा ठोके.

०९:१०. ट्रायटन, ३९,८०० किमीवरून. मोठ्या उपग्रहांमध्ये ग्रहाच्या उलट दिशेने फिरणारा हा एकटाच, त्यामुळे तो इथे जन्मला नसून बाहेरून पकडला गेला असं मानतात. यान जवळ येत गेलं तसतसा त्याचा अंदाजी आकार घटत गेला होता: पृथ्वीवरून फक्त त्याची चमक कळत होती आणि पृष्ठभाग गडद धरला की व्यास मोठा येतो. प्रत्यक्षात तो फार उजळ निघाला, व्यास फक्त २,७०० किमीच्या आसपास. उजळ असल्यामुळेच तो इतका थंड आहे, ३८ केल्विन, म्हणजे उणे २३५ अंश सेल्सिअस. वातावरण नायट्रोजनचं, दाब सुमारे १४ मायक्रोबार (बारचा दशलक्षांश म्हणजे मायक्रोबार; पृथ्वीवरचा हवेचा दाब साधारण एक बार).

दक्षिण गोलार्धात गुलाबीसर टोपी, गोठलेल्या नायट्रोजनची. तिच्या उत्तरेला खरबुजाच्या सालीसारखा खड्ड्या-वरंब्यांचा प्रदेश. आघाती विवरं फार थोडी, म्हणजे पृष्ठभाग भूवैज्ञानिक हिशेबाने तरुण. उत्तरेचा मोठा भाग अंधारात होता. नेपच्यूनचं वर्ष १६५ वर्षांचं असल्यामुळे तिकडे ऊन यायला बराच अवकाश होता. एकूण पृष्ठभागापैकी सुमारे ४० टक्केच पाहता आला.

यानंतर ट्रायटनमागचं छोटं पिधानही पार पडलं. एकाच दिवसात हे सगळं जमून यावं यासाठी मार्ग आखणाऱ्यांना खरं श्रेय जातं. चित्रांच्या झगमगाटात ते विसरलं जातं.

२६ ते २८ ऑगस्ट

आता सूर्य समोर आणि ग्रह मधे. ग्रहाकडे येताना न दिसणारी बारीक धूळ अशा उलट्या प्रकाशात उजळते. कड्यांची सर्वांत संपूर्ण चित्रं या वळून पाहण्यातून मिळाली: रुंद कोनाच्या कॅमेऱ्याची प्रत्येकी ५९१ सेकंदांची दोन एक्स्पोजर. मंचाची आणि यानाची स्थिरता किती असावी लागते ते या आकड्यावरून समजावं. नेपच्यून आणि ट्रायटनच्या दोन कोरींचं प्रसिद्ध चित्र सर्वांत जवळच्या क्षणानंतर ३ दिवस साडेसहा तासांनी, नेपच्यूनपासून ४८ लाख ६० हजार किमीवरून घेतलेलं आहे.

२९ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर

टेप रिकामी करणं, उपकरणांची मापं तपासणं, दूर जाताना चुंबकावरणाची आणि रेडिओ लहरींची नोंद. सप्टेंबरपर्यंत जुन्या चित्रांतून आणखी दोन आतले उपग्रह निघाले, थॅलसा आणि नायड. नवे उपग्रह एकूण सहा झाले.

ट्रायटनवरचे फवारेही चित्रं घरी आल्यावरच सापडले. दोन वेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रं जोडीने पाहताना काही काळे पट्टे जमिनीवर नसून हवेत असल्याचं दिसलं: सरळ ८ किमी उंच चढणारे स्तंभ आणि मग वाऱ्याने शंभर किमीहून लांब ओढलेलं शेपूट. एक स्पष्टीकरण असं की पारदर्शक नायट्रोजन-बर्फातून ऊन आत शिरतं, खालचा थर काही अंशांनी तापतो, तेवढ्यानेही वायूचा दाब बराच वाढतो आणि तो फटीतून काळी धूळ घेऊन उसळतो. फवारे सगळे टोपीच्या त्या भागात होते जिथे सूर्य जवळपास डोक्यावर होता, हे त्याला धरून आहे.

यानाच्या वळणावरून नेपच्यूनचं वस्तुमानही नव्याने मोजलं गेलं आणि ते जुन्या आकड्यापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी भरलं. १९९३ मध्ये हा आकडा घालून युरेनसची कक्षा पुन्हा काढली तेव्हा तिच्या गणितात आणि निरीक्षणांत दिसणारी जुनी तफावत नाहीशी झाली आणि त्या तफावतीच्या आधारे शोधला जाणारा दहावा ग्रहही (प्लूटो तेव्हा नववा गणला जाई).

ही चित्रं आज वापरताना

दोन गोष्टी सांभाळायच्या. मोठा गडद डाग नेपच्यूनची कायमची खूण समजू नये. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने पाहिलं तेव्हा तो नव्हता. आणि गडद निळा रंग खरा मानू नये. ढग आणि पट्टे उठून दिसावेत म्हणून त्या चित्रांचा कॉन्ट्रास्ट वाढवलेला होता. तसं सोबत लिहिलेलं असे, पण पुनर्मुद्रणात ती ओळ गळत गेली. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने रंगांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा नेपच्यून फिकट हिरवट निळा, युरेनसच्या रंगाहून किंचितच अधिक निळा निघाला.